सुरगाठ

आमच्या घरात वारा सुटला की आधी भोपळे वाजायचे. माळवदावर आत्यानं दोन खुंटांना आडवा बांबू बांधला होता आणि त्याला वाळके भोपळे टांगलेले असत, काही घागरीएवढे, काही तांब्याएवढे. वाऱ्यानं ते एकमेकांवर आपटत, आतल्या बिया खुळखुळत, आणि घरी आलेला पाहुणा हातातला घास तसाच धरून वर बघायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, आमची झोपच त्या आवाजावर लागे. हल्ली मी थोरल्या लेकाकडं परभणीत राहते. तिथं शेजारणीनं गॅलरीत कसलीशी शोभेची घंटा टांगली आहे. ती वाजली की मी अजूनही उठून बसते आणि मनात म्हणते, वारा सुटला, आता नाव सोडायची नाही.

गोदावरी हे नाव मी पुष्कळ उशिरा, पोरांच्या पुस्तकात वाचलं. आमच्यासाठी ती गंगा. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, काठावरच्या दरडीवर आमचं गाव होतं. रेल्वेचा पूल तिकडं गंगाखेडला, तो आमच्या काही कामाचा नव्हता. आमचं निम्मं रान अलीकडं, काळं, ज्वारीचं. आणि निम्मं पलीकडच्या मळईत, जिथं पाणी ओसरलं की हरभरा असा यायचा की बघत राहावं. त्यामुळं लोकांच्या दारात गाडी असते तशी आमची घाटावर नाव असे. माणसं, खत, बियाणं, कडबा, भाकरीची दुरडी, नुकतं जन्मलेलं करडू, सगळं नावेतून जायचं. नाव चालवायचे माझे चुलते, दाजीकाका. उथळ पाण्यात बांबूनं रेटत, खोल पाण्यात वल्हं मारत. पण नावेवर हुकूम चालायचा तो आत्याचा. ती वल्ह्याला हात लावत नसे. ती नुसती घाटाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि दाजीकाकांसारखा मिशीवाला माणूस तिची मान हलल्याशिवाय दोर सोडत नसे.

आत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. तिला राणीसावरगावला दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली, आणि एका उन्हाळ्यात आत्या पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली ती कायमचीच. मी हे जेवढ्या शब्दांत लिहिलं तेवढ्याच शब्दांत ती सांगायची, वर एक अक्षर नाही. राणीसावरगाव डोंगराकडचं, कोरडं. "तिथं पाण्यासाठी भांडावं लागायचं, हितं पाण्यासंग भांडावं लागतंय," असं ती म्हणे. पाण्याच्या बाबतीतला तिचा काच बघून नव्या माणसाला वाटायचं, हिचं कोणीतरी बुडालेलं असणार. मलाही वाटायचं. एकदा मी विचारलंच. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कोणी न्हाई बुडालं. बुडाल्यावरच शहाणं व्हावं असा निजामाचा काही कायदा हाय का?"

गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचे वेल चढवलेले असत आणि त्यावरून माझी माय आणि आत्या यांची वर्षभर धुसफूस चाले. मायला कोवळा भोपळा हवा असायचा, आत्याला निबर. मायच्या डोक्यात थालीपीठ आणि आत्याच्या डोक्यात पाण्यात पडलेलं माणूस. कोवळा भोपळा तोडायचा तर मायनं आधी विचारायचं आणि आत्यानं वेलाखाली उभं राहून बराच वेळ विचार करायचा, जणू लेक द्यायची आहे. पण एकदा तोडला की मायच्या हाताला तोड नव्हती. किसलेल्या भोपळ्यात ज्वारीचं पीठ, तीळ, ओवा, लसणाचं तिखट, आणि तव्यावर थापून मध्ये बोटानं भोकं. त्यावर लोण्याचा गोळा. सालीसुद्धा वाया जात नसत, तीळ घालून त्यांची चटणी व्हायची. आत्या ते थालीपीठ सगळ्यांत आधी मागायची आणि खाऊन झाल्यावर म्हणायची, "चव हाय, पर एक जीव गेला आज."

उरलेले भोपळे वेलावरच वाळायचे. मग ते उतरवून आत्या एकेक भोपळा गुरांच्या हौदात दाबून धरायची. बुडबुडा आला की तो बाद, त्याचा चुलीपाशी मिठाचा डबा व्हायचा. बुडबुडा आला नाही तर तो पास. असे दोन-दोन भोपळे सुती दोरीत ओवून ती जोड्या करी. आमच्या घरातलं प्रत्येक लेकरू, पोरगा असो की पोरगी, बगलेत भोपळे बांधून पोहायला शिकलं. गावातल्या बाया नाकं मुरडायच्या, पोरीच्या जातीला पोहणं कशाला म्हणून. आत्या सांगायची, "नाव पोरगा-पोरगी बघून पालथी होत न्हाई."

ती जोडी बांधायची एकच गाठ तिला चालायची, सुरगाठ. दोराचं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटणारी. मला पहिल्यांदा बांधायला दिलं तेव्हा मी पक्की निरगाठ मारली आणि शाबासकीच्या आशेनं वर बघितलं, तर पाठीत धपाटा बसला. पाण्यात मुळीला नाहीतर काटकीला दोर अडकला तर सोडणार कसा? त्यावरून तिचा एक नियम होता, नावेत बांधलेलं काही नको. वासराचं दावं सोडून ठेवायचं, लेकरू पाठीला बांधलेलं असलं तर मांडीवर घ्यायचं, डोक्यावरचं गाठोडं खाली. आणि भोपळे बांधायचे तेही सुटतील असे.

बाकीचे नियम आम्हाला रामरक्षेसारखे पाठ होते. नावेत उभं राहायचं नाही, कडेवर बसायचं नाही, तळाला मांडी घालून बसायचं. कोणी प्यालेलं असेल तर ते काठावरच राहील, मग तो गावचा पाटील का असेना. पाणी अचानक गढूळ झालं, फेस आणि काटक्या वाहून यायला लागल्या की समजायचं वर पाऊस झालाय, आपल्याकडं ऊन असलं तरी नाव बांधून ठेवायची. बुडत्याला हात द्यायचा नाही, तो आपल्यालाही घेऊन जातो. त्याला कापड द्यायचं नाहीतर बांबू. आणि सगळ्यांत मोठा नियम, "नाव पालथी झाली तरी नाव हाय, तिला सोडू नका." दिवस मावळायच्या आत ती घाटावर यायची आणि पलीकडच्या रानातल्या माणसांना हाक मारायची, "या रे, दिवे लागायलेत." दिवे तर अजून लागलेले नसायचेच. पण तो आवाज पाण्यावरून असा सरकत जायचा की पलीकडचे बैलसुद्धा माना वर करत. मी पुष्कळ गवई ऐकले आहेत रेडिओवर, तो आवाज कुणाला नव्हता.

एक गोष्ट ती नेहमी म्हणायची आणि ती मला फार उशिरा कळली. "पुरात कोणी बुडत न्हाई, पुरात उतरतंच कोण? माणसं बुडतेत ती दिवाळीनंतरच्या निवांत पाण्यात." माझ्या थोरल्या बहिणीचं, सोनाताईचं लग्न दिवाळीनंतरच, मार्गशीर्षात निघालं. पाणी आरशासारखं होतं.

मुलगा पोखर्णीचा, भाऊराव. घरची शेती चांगली आणि वडील तहसील कचेरीत कामाला. व्याही शेरवानी घालायचे आणि तांबडी रुमी टोपी, तिचा काळा गोंडा बोलताना डुलायचा. बोलताना उर्दू शब्द पेरायचे, पण माणूस गोड. 'इंतजाम उत्तम आहे' हे त्यांनी त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं की आम्ही पोरी त्यांच्या पाठीमागं गोंडा डुलवल्याची नक्कल करत होतो. वरमाय मात्र गप्प गप्प होती. पोखर्णीची ती बाई, विहिरीचं पाणी पाहिलेली. एवढं वाहतं पाणी तिनं जन्मात ओलांडलं नव्हतं. येताना ती नावेत डोळे मिटून गावच्या नरसिंहाचा धावा करत आली होती, हे दाजीकाकांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो.

लग्नाच्या आधी आत्यानं अण्णांना बजावलं होतं, वऱ्हाड परत जाताना सगळ्यांना भोपळे. अण्णांनी कपाळावर हात मारला. "आक्का, व्याह्याच्या शेरवानीवर भोपळे बांधू का मी? पोरीचं लग्न हाय का तमाशा?"  मग काही दिवस आत्या माळवदावर चुना, गेरू आणि काजळ घेऊन बसायला लागली. लग्नाच्या दिवशी रुखवतात मायच्या करंज्या-अनारशांच्या शेजारी भोपळ्यांची रांग मांडलेली, प्रत्येकावर डोळे, नाक, मिशा, कुंकू. नवरा-नवरी, व्याही-विहीण, रुमी टोपी घातलेला एक भोपळासुद्धा. मांडवभर हशा पिकला. व्याह्यांनी आपला भोपळा मांडीवर घेतला आणि "वाह, इंतजाम उत्तम आहे" म्हणाले. अण्णांनी आत्याकडं बघितलं. आत्या चुलीवरच्या येसराच्या आमटीत लक्ष असल्यासारखं दाखवत होती.

गव्हाची खीर, येसराची आमटी, भजी, अशी पोटभर जेवणं झाली आणि उन्हं कलायच्या आत बिदाई निघाली. वाजंत्र्यांसह सगळे घाटावर आलो. पलीकडं पोखर्णीच्या गाड्या जुंपून उभ्या होत्या. नव्या जोडप्यानं आधी नरसिंहाला जायचं, मग घरी, आणि शेल्याची गाठ घरच्या देवासमोर सुटायची. मी ताईची पाठराखीण, नवं परकर-पोलकं घालून, तिच्या शालूचा काठ धरून चाललेली. माझ्या मनात तेव्हा रडू आणि तोरा यांची खिचडी झाली होती.

दाजीकाकांनी सांगितलं, दोन खेपा करू. पण पहिल्या नावेत नवरीबरोबर कोण, यावर मान अडला. मागं राहील त्याचा मान कमी. मामा उठेना, मावशी उठेना, मामी-काकू सगळ्या शालू सावरत बसून. अण्णा हात जोडून म्हणाले, बसू द्या सगळ्यांना. नाव पाण्यात इतकी दबली की काठ आणि पाणी यांच्यात वीतभरसुद्धा अंतर राहिलं नाही. ताई आणि भाऊराव अजून काठावरच होते. तेव्हा आत्या पायरी उतरून पुढं आली.

"निम्मी माणसं उतरवा," ती म्हणाली. "आन् ह्यांची गाठ सोडा. पलीकडं गेल्यावर परत बांधा."

 सनईवाला मध्येच थांबला. वरमाय नावेतूनच म्हणाली, "काय बोलायल्यात ह्या? गाठ सोडायची? देवाला जायच्या आधी?"

"देवाला जायचंय म्हणूनच सांगायले, बाई. नावंत बांधलेलं काही नको. कलंडली तर एकाच्या वढीनं दुसरं जाईल."

"सोताची गाठ टिकली न्हाई," वरमाय म्हणाली, "आन् माझ्या लेकाची सोडायला निघालीय व्हय."

हे तिनं हळू म्हटलं, पण पाण्यावरून हळूच बोललेलंच लांब जातं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी लहान नसते तर काहीतरी बोलले असते. आज वाटतं, त्या बाईच्या बोलण्यात दुष्टपणा कमी आणि पाण्याची भीती जास्त होती. पण तेव्हा मला ती राक्षसीण वाटली.

आत्याचा चेहरा बदलला नाही. "खरं हाय," ती म्हणाली. "माझी सुटली. पर मी जिती हाय की. सुटल्यानं कोणी मरत न्हाई, बाई. पाण्यात बांधल्यानं मरतंय."

अण्णांना ते सहन होईना. पोरीच्या सासरच्यांसमोर, भरल्या घाटावर, बहीण गाठ सोडायच्या गोष्टी करते आहे, आणि तीही अशी बहीण. "आक्का, बस झालं," ते म्हणाले. "तू घरी जा." अण्णा आत्याला कधी 'जा' म्हणाले नव्हते. आत्यानं पुढं होऊन ताईला मिठी मारली, तिच्या कानाशी काही बोलली, बायांनी पदर डोळ्यांना लावला. मग ती वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. घरी गेली नाही.

दाजीकाकांनी तिच्या मानेकडं बघितलं. मान हलली नाही. त्यांनी अण्णांकडं बघितलं आणि दोर सोडला. माझ्या आठवणीत तेवढी एकच वेळ.

मी ताईच्या पायाशी बसले होते. मांडीवर मिशावाला भोपळा. बायांच्या मांड्यांवरही भोपळे होते, रुखवत कोण मागं ठेवणार? वल्ह्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि मागं घाटावर मायचं हुंदके देणं, तेही लहान लहान होत गेलेलं. नाव मध्याच्या थोडी अलीकडं आली तेव्हा ओटीची वेळ झाली. लग्न होऊन पहिल्यांदा गंगा ओलांडणाऱ्या नवरीनं गंगेची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यात सोडायचा, ही आमच्याकडची रीत. आत्याच्या राज्यात ती रीतसुद्धा बसून व्हायची. नवरीनं एकटीनं, कडेला न वाकता, हात लांबवून नारळ सोडायचा. दाजीकाकांनी तसं सांगितलंही. ताईनं नारळ सोडला. खण पाण्यावर पसरला आणि हिरवा हिरवा होऊन तरंगायला लागला, आणि तो बघायला, आपापलं हळदकुंकू त्यावर टाकायला, सगळ्या बाया एकदम उठून त्या कडेला झुकल्या.

"बसा, बसा," दाजीकाका ओरडले. पण कुणी बसायच्या आतच ती कड पाण्याखाली गेली.

मला आठवतं ते थंडपण. ते पाणी वरून उन्हाचं आणि आतून बर्फाचं होतं. परकर फुगून तोंडावर आला, मी तो दोन्ही हातांनी दाबला आणि माझा मिशावाला भोपळा छातीशी घट्ट धरलेलाच होता, त्यानं मला वर आणलं. डोकं बाहेर आलं तेव्हा चोहीकडं किंचाळ्या. नाव पालथी पडून तिचा काळा डांबरी पाठीचा कणा वर आलेला, आणि तिच्याभोवती गेरूनं रंगवलेले भोपळे डुलतायत, सगळे हसऱ्या तोंडाचे. मग त्या गोंगाटावरून तो आवाज आला. रोज संध्याकाळी बैलांना माना वर करायला लावणारा.

"नाव धरा. नाव सोडू नका. भोपळा बगलंत घ्या."

तो एकच आवाज पुन्हा पुन्हा, संथ, जणू दिवे लागायलेत म्हणून सांगतोय. माणसं भांबावली की त्यांना कुणीतरी काय करायचं ते सांगावं लागतं, आणि कधीच न ऐकणारी माणसंही तेव्हा ऐकतात. मामानं नाव धरली. काकूनं नाव धरली. व्याही एका हातात भोपळा आणि एका हातात नावेचा काठ धरून मोठमोठ्यानं श्वास घेत होते, आणि त्यांची रुमी टोपी एकटीच खाली नांदेडच्या दिशेनं निघाली होती. दाजीकाका बांबू पुढं करून एकेकाला नावेकडं ओढत होते. वरमायला त्यांनी ओढलं ते लुगड्याच्या काष्ट्याला धरून.

भाऊराव दिसत नव्हते.

ताई नावेला धरून होती आणि पाण्याकडं बघत होती. मी तिचा तो चेहरा विसरलेले नाही. वरमाय खोकत खोकत "भाऊ, भाऊ" एवढंच म्हणत होती. मग नावेपासून थोडं दूर हात वर आला, बोटं हवेत चाळवली, पुन्हा गेला. पोखर्णीच्या मुलाला विहिरीतही पोहता येत नव्हतं. ताईनं काय केलं, तर खांद्यावरचा शेला काढला, एक टोक मुठीत घेतलं, बगलेत भोपळा दाबला आणि हात पुन्हा वर आला तसा शेला त्यावर फेकला. पहिली फेक चुकली. दुसऱ्या वेळी बोटांनी कापड पकडलं आणि ते असं घट्ट पकडलं की ताई पाण्याखाली जाते की काय असं मला वाटलं. मी भोपळा बगलेत दाबून एका हातानं नाव आणि दुसऱ्या हातानं तिचा शालू धरला. ताईनं हात दिला नाही, कापडच दिलं, आणि हळूहळू ओढून आपल्या नवऱ्याला नावेला लावलं.

पलीकडच्या गाडीवाल्यांनी उड्या टाकल्या, दोर टाकले, आणि सगळे काठाला लागलो. सगळे. हे मी अजून लिहिताना थांबून एकदा मनात सगळ्यांचे चेहरे फिरवून बघते. काठावर कडब्याची शेकोटी पेटली, कुणीतरी ओवा-गुळाचं पाणी उकळलं. भाऊरावांना पालथं घालून पाणी काढलं तेव्हा ते ओकले आणि मग रडले. माझे दात वाजत होते आणि भोपळा मी अजून सोडला नव्हता.

मग वरमायचं लक्ष शेल्याकडं गेलं. शेल्याचं एक टोक तिच्या मुलाच्या मुठीत, आणि त्याच्या गळ्यातलं उपरणं वेगळं, मोकळं. मध्ये गाठ नाही.

"गाठ कुठं गेली?" ती म्हणाली.

ताईनं मान खाली घातली नाही. "आत्यानं कानात सांगितलं व्हतं. मी पदराआड सोडली, आन् दोन्ही टोकं मुठीत धरून बसले. नाव कलंडली तशी मूठ उघडली." लग्नात भटजींनी मारलेली ती निरगाठ घाटावरच्या सगळ्या रडारडीत ताईनं नखांनी सोडवली होती, हे मला नावेत तिच्या पायाशी बसूनही कळलं नव्हतं.

 भाऊरावांचा आवाज पार बसलेला होता. "आई," ते म्हणाले, "गाठ असती तर दोघंबी गेलो असतो."

वरमायनं विस्तवातला कडबा पुढं सारला. मग तिनं दाजीकाकांना सांगितलं, "नाव सरळ झाली का? मग जा. त्या बाईला घेऊन या. गाठ त्याच बांधतील."

आत्या आली ती नावेच्या तळाशी मांडी घालून, कमरेला भोपळे बांधून. उतरल्यावर आधी ताईच्या अंगावरून हात फिरवला, मग माझ्या. गाठ बांधायची म्हटल्यावर मात्र ती दोन पावलं मागं सरकली. एवढं निगरगट्ट माणूस, पण तिचा आवाज कापला. "मी? मी न्हाई बांधायची. माझ्या हाताचा अपशकून हुईल." जिनं भरल्या घाटावर हे बोलणं ऐकून डोळ्याची पापणी हलवली नव्हती, तिला ते आतून खरंच वाटत होतं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की थंडीचं रडू आहे असं दाखवून मी रडून घेतलं.

वरमाय उठली. ओल्या लुगड्यानिशी तिनं आत्याचे दोन्ही हात धरले. "मी बोलले ते पाण्यात गेलं असं समजा," ती म्हणाली. "तुमी सोडाया सांगितलं म्हणून माझं लेकरू हाय. तुमीच बांधा."

आत्यानं शेला पिळला, उपरणं पिळलं, दोन्ही टोकं गुडघ्यावर घेतली आणि बांधलं. सुरगाठ. भोपळ्याची. मग नव्या जोडप्याला टोक दाखवून म्हणाली, "हे वढलं की सुटंल. वढायची पाळी येऊ नये."

ती पाळी आली नाही. ताई आणि भाऊराव भरपूर जगले, भांडले, पुन्हा बोलले, नातवंडं पाहिली. वरमाय दरवर्षी गाडीवानाकडं निरोप धाडून आत्याकडून वाळके भोपळे मागवायची. पोखर्णीला नदी नाही, पण तिनं ते विहिरीवर टांगले होते, पोरांसाठी. अण्णा आत्याला पुन्हा कधी 'जा' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नुसते तिच्या चुलीपाशी येऊन बसले, आणि तिनं त्यांना थालीपीठ वाढलं. आमच्या गावात मात्र त्यानंतर रीतच पडली. नवरीनं गंगा ओलांडताना गाठ घाटावर सोडायची, पलीकडं पुन्हा बांधायची, आणि दोन्ही वेळा ते काम नवरीच्या आत्यानं करायचं, मग ती सवाष्ण असो, विधवा असो की टाकलेली.

आत्या गेली, नाव गेली, गावाजवळ पूल झाला. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या नातीचं लग्न झालं. फुलांनी सजवलेली मोटार पुलाच्या अलीकडं थांबली, नवरीच्या आत्यानं गाठ सोडली, मोटार पलीकडं गेली, पुन्हा थांबली. नवरदेव नांदेडचा. त्यानं विचारलं, हे कशासाठी? ड्रायव्हर मागं न बघताच म्हणाला, "गंगेचा मान असतोय साहेब." मी मागच्या सीटवर होते. मला माहीत होतं तो कुणाचा मान आहे ते, पण सांगत बसले तर मुहूर्त टळला असता.

तेवढ्यात पोरीच्या आत्यानं नव्यानं बांधलेल्या गाठीवर माझा हात गेला. पक्की निरगाठ होती. मी मोटार पुढं जाऊ दिली नाही. नखं आता चालत नाहीत, म्हणून दातांनी सोडली. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, पोरं कुरकुरत होती, सूनबाई "आई, लोक बघायलेत" म्हणत होती. बघू देत. मी शेला गुडघ्यावर घेतला, गाठ पुन्हा बांधली आणि टोक नवरीच्या हातात देऊन एकदा ओढून बघायला लावलं. सुटली. मग परत बांधली आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल आता.